दारोदारची वसुली

संपादकांनी पाठवलं होतं ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचरा डेपोबद्दल लिहायला. तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, पुण्याच्या गाड्या अडवल्या. त्या बातम्या मी लहानपणापासून वाचत आले आहे. पण डेपोवर जे पोहोचतं त्यापेक्षा जे पोहोचतच नाही त्याचं मला जास्त कुतूहल वाटू लागलं. म्हणून मी पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेतल्या एका मावशींबरोबर त्यांच्या वस्तीत फिरले.

मावशी घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या बादल्यांत घेतात. फेरी झाली की ढकलगाडी रस्त्याच्या कडेला लावून सुक्या कचऱ्याची गोणी उपडी करतात. खरं काम तिथे सुरू होतं. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, पाण्याच्या बाटल्या तिसरीकडे. बाटलीचं झाकण पिरगाळून वेगळ्या पिशवीत जातं, कारण ते प्लास्टिक निराळं आणि त्याचा भावही निराळा. एखादी पिशवी कुठल्या जातीची हे कळलं नाही, तर मावशी ती कानाजवळ चुरगाळतात. करकर वाजली की एका ढिगात, मऊ दबली की दुसऱ्या. मी शेजारी बसून दोनदा प्रयत्न केला. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. नव्वदच्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचकांच्या मुलांपर्यंत पोहोचल्या आणि मुलांमागून आयांपर्यंत. उकिरड्यातून उपसण्याऐवजी वेगळा केलेला कचरा थेट घरातून मिळाला तर काम सुसह्य होईल, हे या बायकांचं म्हणणं. त्याप्रमाणे एका भागात सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत तिथेच एका व्यावसायिकाने गाडी लावून कचरा न्यायला सुरुवात केली. बायकांनी गाडी अडवली. 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा झाला आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं आली, आरोग्य विमा आला. 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था कामाला लागली. आज तिचे सभासद साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, त्यात बहुतांश बायका.

मला या साऱ्या रचनेत सर्वात विलक्षण वाटली ती पैशांची व्यवस्था. मावशींना महापालिकेकडून पगार नाही. प्रत्येक घराने महिन्याला ठरलेलं शुल्क त्यांच्या हातात द्यायचं, आणि सुक्या कचऱ्यातून निघेल ते भंगार त्यांनी विकायचं. झोपडपट्टीतल्या घरांसाठी महापालिका अनुदान देते. मावशी सेवा देतात, दार उघडणारं माणूस तिचे पैसे देतं. मध्ये ठेकेदार नाही. ज्या बाईला कालपर्यंत चोर समजून हुसकावलं जायचं, ती गळ्यात ओळखपत्र घालून पावती फाडते. या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण दर महिन्याला त्याच दारात पैसे मागायचे, हे काम कचरा निवडण्याहून अवघड आहे. “आम्ही मिळकतकर भरतो की! तुम्हाला वेगळे कशाला?” हे वाक्य मी एका फेरीत चार वेळा ऐकलं. मावशी दर वेळी त्याच आवाजात म्हणाल्या, “ताई, टॅक्स कार्पोरेशनला जातो. मला नाय त्यातला रुपया येत.” कुणी पुढच्या महिन्यावर ढकललं, कुणी आतूनच “साहेब नाहीत” म्हणालं. पैसे दिले नाहीत म्हणून मावशींनी कचरा उचलणं थांबवलं, तर तक्रार त्यांच्याच विरुद्ध जाते.

दुसरं उत्पन्न भंगाराचं, आणि तेही बेभरवशाचं. जगात तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि जुन्याचा भाव पडतो; 2008 च्या मंदीत हे कचरावेचकांनी सोसलं. वेफर्सची चकचकीत पाकिटं निवडायला वेळ तेवढाच लागतो, पण ती क्वचितच कुणी विकत घेतं. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर तर नुसताच धोका. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम संस्थेने चालवली. 2013 मध्ये पॅडच्या थैल्या थेट उत्पादक कंपन्यांकडे धाडून दिल्या. मी पाहिलेल्या गोणीत लाल ठिपक्याचं एकही पुडकं नव्हतं. मावशींनी उघडी निघालेली पॅड कागदात गुंडाळली आणि हात धुवायला समोरच्या इमारतीच्या रखवालदाराकडे पाणी मागितलं. त्याने नळ दाखवला, तो जिन्यामागचा.

मोठी काळजी कराराची आहे. 2020 च्या अखेरीस नंतरचा पाच वर्षांचा करार संपला, तेव्हा हे काम खासगी कंपनीच्या गाड्यांना द्यावं, असा आग्रह पुढे आला. नागरिकांनी पत्रं लिहिली, कचरावेचक रस्त्यावर उतरल्या, मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत काम टिकलं. पण बायकांनी सुरुवातीला अडवलेली ती गाडी दर कराराच्या शेवटी पुन्हा दारात येऊन उभी राहते. गाडीत कचरा दाबून भरतात. त्यातलं झाकण आणि बाटली कोण वेगळी करणार? आणि ज्या बायकांची गुडघेदुखी आता जिने चढू देत नाही, त्यांना ना पेन्शन, ना पर्यायी काम. मावशींची मुलगी एका दुकानात हिशेब लिहिते. तिला या कामात आणणार का, असं विचारल्यावर त्या स्पष्ट म्हणाल्या, “नाय. पण काम गाडीवाल्याला पण नाय देऊ देणार. आमचं आमच्याच बायकांना मिळालं पायजे.” त्या तिसऱ्या मजल्यावर निघाल्या होत्या, तिथल्या दोन घरांचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते.