काचेला भोक न पाडता फिश टँकला ‘सांडवा’. लाईट गेल्यावर घरात पाणी होणार नाही ना?

जळगाव, धुळ्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि फिश टँकचे पाणी झपाट्याने आटते. त्यावर उपाय म्हणजे टँकखाली दुसरी टाकी, म्हणजे सम्प. मोटर सम्पमधले पाणी वर चढवते आणि जादा पाणी परत खाली येते. त्यामुळे घट सम्पमध्ये दिसते, टँकची पातळी हलत नाही. पण पाणी खाली आणायचे कसे? टफन काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटून चुरा होते. साध्या काचेलाही भरल्या टँकमध्ये ड्रिल लावणे धोक्याचे. अशा वेळी पीव्हीसी पाइपचा सायफन कामी येतो.

रचना कशी?
ड्रममधून नळीने रॉकेल काढण्याचेच हे तत्त्व. टँकमध्ये पाइपचे तोंड वर करून हव्या त्या पातळीवर ठेवायचे. तिथून पाइप खाली जाऊन ‘यू’ वळण घेतो, वर येतो, काचेवरून बाहेर उतरतो, पुन्हा ‘यू’ वळण घेऊन वर चढतो आणि तिथे ‘टी’ लागतो. ‘टी’मधून पाणी सम्पमध्ये पडते.

‘टी’ आतल्या तोंडापेक्षा थोडा खाली हवा आणि दोन्ही वळणे ‘टी’पेक्षा बरीच खाली. ‘टी’चे वरचे तोंड उघडेच ठेवायचे. ते बंद केले तर खाली पडणारे पाणी वळणातले पाणीही ओढून नेते.

लाईट गेली तर?
पांझरेवरच्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यावरून जसे फक्त जादा पाणी पुढे जाते, तसेच इथे होते. पातळी तोंडापर्यंत उतरली की प्रवाह थांबतो. दोन्ही वळणांत पाणी अडून राहते, त्यामुळे हवा शिरत नाही. लाईट आली की सायफन आपोआप सुरू होतो. मात्र मोटरच्या पाइपमधून पाणी उलटे येऊ नये म्हणून त्याला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र ठेवावे.

खरा धोका हवेचा
पाइप गरजेपेक्षा जाड असेल तर प्रवाह मंद होतो, बुडबुडे वरच्या वळणात साचतात आणि सायफन तुटतो. मोटर मात्र चालूच असते, म्हणून टँक ओसंडतो. यावरचा तोडगा ठिबकवाल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे : खत सोडण्याची व्हेंचुरी. मोटरच्या लाइनवर छोटी व्हेंचुरी बसवून तिची नळी वरच्या वळणाला जोडली की हवा सतत ओढली जाते. मोटर थांबल्यावर हवा उलट शिरू नये म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.

शेवटचा बचाव : हिशेब
टँक ९० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि वर ३ सेंमी रिकामा असेल, तर त्यात आणखी १०.८ लिटर पाणी मावते. सम्पमध्ये मोटरला उपसता येईल असे पाणी १० लिटरपेक्षा कमी ठेवले, तर सायफन तुटला तरी पाणी फरशीवर येणार नाही. फार तर मोटर कोरडी पडेल. लाईट गेल्यावर उतरणाऱ्या पाण्यासाठी सम्पमध्येही जागा मोकळी हवी.

मासे सोडण्याआधी मोटर दहा वेळा बंद-चालू करून पाहावी. एकदा सायफन मुद्दाम तोडूनही पाहावा. फरशी कोरडी राहिली, तरच जोडणी पास.