भाड्यासाठी घर बांधताय? बदलापूर-अंबरनाथकडे आधी हा हिशेब मांडा

बदलापूर : लोकलमुळे मुंबई-ठाण्यात कामाला जाणारी अनेक कुटुंबं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे भाड्याने राहतात. ते बघून "कर्ज काढू, पण भाड्याचं घर बांधू" असं बरेच जण म्हणतात. पण भाड्यातून हप्ता निघतो का?

आकडे काय सांगतात?
समजा, जागा स्वतःची आहे. १,००० चौरस फुटांचं बांधकाम फुटाला २,००० रुपये दराने धरलं, तर खर्च २० लाख. सगळी रक्कम ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतली, तर महिन्याचा हप्ता साधारण १८ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार.

दोन बिऱ्हाडांचं भाडं प्रत्येकी ७ हजार धरू. वर्षातला एक महिना घर रिकामं राहणारच. म्हणजे हातात १ लाख ५४ हजार. घरपट्टी, रंग, गळती यांचे १५ हजार वजा केले, की उरले १ लाख ३९ हजार. वर्षाला ७७ हजार खिशातून भरावे लागतील! कर्ज १० लाखांचंच घेतलं, तर मात्र हप्ता भागून ३१ हजार उरतात. दर आणि भाडं आपल्या भागातलं धरून हाच हिशेब करा.

कागद आधी, पाया नंतर
सातबारावर नाव आहे म्हणून घर बांधता येत नाही. जमीन बिनशेती आहे का, नकाशा मंजूर आहे का, हे बघा. मंजुरी नसेल तर बँक कर्ज देताना अडवते आणि पुढे पाडकामाची टांगती तलवार राहते. आर्किटेक्ट, मंजुरीचं शुल्क, पाणी-वीज जोडणी हा खर्च वेगळा.

पूररेषा विसरू नका
२००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. नदीलगत जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा तपासा. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी मिळत नाही.

स्लॅबमध्ये काटकसर नको
मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. पैसे वाचवायचे तर फरशी साधी घ्या. सळई, सिमेंट आणि इंजिनीअरची फी यांत कात्री लावू नका.

भाडेकरू ठेवताना करार नोंदवणं घरमालकाचीच जबाबदारी आहे. आणि पोटापाण्याचं शेत विकून भाड्याचं घर बांधायचं असेल, तर घरच्यांना बसवून हा हिशेब दोनदा करा.