अनुदानाचा मेसेज आता स्वतः ऐका. दिव्यांगांना आधार देणारी साधनं कोणती आणि ती मिळतात कशी?

खात्यात अनुदान जमा झाल्याचा मेसेज येतो. दिसत नसलेला माणूस फोन पुतण्याच्या हातात देतो. मेसेज पुतण्या वाचतो, ओटीपी तोच सांगतो, पैसेही तोच काढून आणतो. पुतण्या प्रामाणिक असला तरी किती आले आणि किती गेले, हे त्याच्या सांगण्यावरच मानावं लागतं. अडचण डोळ्यांची, पण हातातून जातो तो स्वतःच्या पैशावरचा ताबा.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग आहेत. त्यातले शंभरात 69 जण खेड्यात राहतात. त्यांच्या उपयोगाची काही साधनं तर खिशातल्या मोबाईलमध्येच आहेत.

बोलणारा मोबाईल

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही सोय फुकट असते. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडून ती चालू करायची. मग बोट जिथे लागेल तिथलं नाव फोन बोलून सांगतो. निवडायला एकदा टॅप, उघडायला दोनदा टॅप आणि पान सरकवायला दोन बोटं. आवाजाची भाषा मराठी ठेवता येते. सुरुवातीला फोन बिघडल्यासारखा वाटतो आणि घरचे लगेच टॉकबॅक बंद करतात. तसं न करता आठवडाभर सराव होऊ द्यावा. पिन टाकताना इअरफोन लावावा.

नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ ॲप आहे. ते 2020 मध्ये आलं. कॅमेरा नोटेवर धरला की नोट कितीची ते ॲप सांगतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी हे ॲप सांगत नाही, हे लक्षात ठेवावं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ आहे. समोरचा बोलेल ते स्क्रीनवर अक्षरांत उमटतं. गोंगाटात चुका होतात, पण डॉक्टर किंवा तलाठ्याशी बोलताना मोठा आधार मिळतो.

काठी, पाय आणि खुर्ची

साध्या पांढऱ्या काठीने जमिनीवरचा अडथळा कळतो, पण डोक्याशी आलेली फांदी किंवा उभ्या ट्रॉलीचा पुढे आलेला लोखंडी गज कळत नाही. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली ‘स्मार्टकेन’ ध्वनिलहरींनी असे अडथळे ओळखते आणि मूठ थरथरवून सावध करते.

‘जयपूर फूट’ 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तयार केला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागायचा. हा रबरी पाय घालून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलातही उतरता येतं. म्हणून तो शेतकऱ्याच्या कामाचा ठरला.

व्हीलचेअर मात्र मापाचीच हवी. खुर्ची ढिली असेल किंवा गादी नसेल तर बसून बसून जखमा होतात. आणि दारात पायऱ्या असतील तर खुर्ची घरातच अडकते. उताराचं गणित सोपं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. त्याहून उभा उतार केला तर एकट्याला चढता येत नाही.

साधन कसं मिळवाल?

आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावं. त्यासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायचा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत मिळतं. त्यापुढे 30,000 रुपयांपर्यंत निम्मी किंमत भरावी लागते. कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीची शिबिरं तालुक्यात किंवा जिल्ह्यात होतात. आधी मोजमाप आणि नोंदणी, नंतर वाटप, असे दोन टप्पे असतात. जाताना प्रमाणपत्र, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो न्यावेत.

शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं.

साधन कोपऱ्यात पडू नये म्हणून

वाटपाच्या दिवशी फोटो निघतो आणि महिनाभरात मशीन ट्रंकेत जातं, असंही होतं. सेल संपतात, पट्टा टोचतो, पण सांगायचं कोणाला ते माहीत नसतं. म्हणून साधन घेतानाच घालून, चालवून बघावं. दुरुस्ती कुठे होईल ते विचारावं, वॉरंटीचा कागद जपून ठेवावा.

घरच्यांनीही एक करावं. मदत करायला हात पुढे करण्याआधी दोन मिनिटं थांबावं. मेसेज ज्याचा, तो त्यालाच ऐकू द्यावा.