श्वानभाषा : भाग ५
अपराधी चेहऱ्यामागे काय असतं?

दार उघडताच दिसतं ते असं : सोफ्याखाली चपलेचा तुटका अंगठा, खोलीभर उशीचा कापूस आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला मोती. कान मागे, शेपूट पायांत, नजर भिंतीकडे. ‘चोराच्या मनात चांदणं!’ म्हणत घरातले त्याला झापतात, तसा तो आणखीच जमिनीला चिकटतो. त्याला चूक कळली आहे, याबद्दल कुणालाच शंका उरत नाही.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांना ती होती. १४ कुत्रे आणि त्यांचे मालक घेऊन त्यांनी केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मालकाने खाऊ दाखवून ‘खायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे काय घडलं ते संशोधकांनी सांगायचं, पण दर वेळी खरं नाही. त्यामुळे खाऊला तोंडही न लावलेल्या काही कुत्र्यांनी बोलणी खाल्ली आणि खाऊ फस्त केलेल्या काहींचं लाडाने स्वागत झालं.

निष्कर्ष थक्क करणारा होता. खाऊ खाल्लेला आणि न खाल्लेला, दोघांच्या ‘अपराधी’पणात फरक सापडला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे. आणि सर्वांत ठळक दिसला तो काहीही न करता बोलणी खाणाऱ्यांमध्ये!

म्हणजे मोती वाचत असतो तो समोरच्या माणसाचा आवाज, आखडलेले खांदे, रोखलेली नजर. त्यावर त्याचं शरीर एकच विनवणी करतं : शांत व्हा. मान वळवणं, भूक नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, पुढचा पंजा उचलणं ही त्याच विनवणीची रूपं. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिद रुगोस यांनी अशा खुणांची तपशीलवार नोंद केली आहे.

या खुणा ओळखणं फार गरजेचं आहे, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरात. मूल गळ्यात पडलं, कुत्रा ताठ झाला, त्याच्या डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसू लागला, तर मुलाला तिथून लगेच बाजूला घ्यावं. फोटो नंतरही काढता येईल. पुढची पायरी गुरगुरण्याची असते, आणि त्यासाठी कुत्र्याला मारणं धोक्याचं. मार खाऊन गुरगुरणं सोडलेला कुत्रा पुढे थेट चावू शकतो.

उशीचं म्हणाल, तर तासाभराने दिलेल्या शिक्षेचा आणि त्या कापसाचा संबंध मोतीला लागत नाही. कापूस मुकाट्याने गोळा करावा, आणि फाडण्याचं कारण शोधावं : एकटेपणाची भीती, कंटाळा, की पिल्लाचे शिवशिवणारे दात?

पुढच्या आठवड्यात शेपूट : ते डावीकडे जास्त हलतं की उजवीकडे, याचं मोजमाप इटलीतल्या संशोधकांनी का केलं?