मृत्युपत्र व्यवस्थापकाचा मोबदला

मृत्युपत्र व्यवस्थापकाचा मोबदला म्हणजे मृत व्यक्तीची मालमत्ता ताब्यात घेणे, तिची देणी फेडणे आणि उरलेली मालमत्ता लाभार्थींना सोपवणे या कामाबद्दल व्यवस्थापकाला मिळणारी रक्कम होय. मृत्युपत्रात नेमलेल्या अशा व्यक्तीस मराठी व्यवहारात सर्रास 'एक्झिक्युटर' म्हटले जाते. हा मोबदला लाभार्थी आपल्या खिशातून देत नाहीत; तो मृताच्या मालमत्तेतून वळता होतो. परिणामी जेवढी रक्कम व्यवस्थापकाकडे जाते, तेवढी वारसांच्या वाट्यातून कमी होते. तो किती असावा, याची जगभर एकच रीत नाही. काही देशांत हे पद मुळात विनावेतन मानले जाते, तर काही ठिकाणी कायद्यानेच टक्केवारी ठरवून दिली आहे.

स्वरूप

मोबदला आणि खर्च या दोन वेगळ्या बाबी आहेत. अंत्यविधीचा खर्च, न्यायालयीन शुल्क, वकिलाची फी, मूल्यांकनाचा खर्च, घराचा विमा वा दुरुस्ती यांसाठी व्यवस्थापकाने केलेला वाजवी खर्च त्याला मालमत्तेतून परत मिळतो. ही केवळ भरपाई असते, कमाई नव्हे. मोबदला हा त्याच्या वेळेचा आणि जबाबदारीचा असतो. वारसांमधील पुष्कळ तंटे या दोहोंची गल्लत झाल्याने उद्भवतात; हिशोबात 'खर्च' या एकाच सदराखाली दोन्ही रकमा मांडल्या की संशयाला जागा मिळते.

इंग्लंडमधील नियम

व्यवस्थापकाचे पद विश्वासाचे असल्याने त्याने त्यातून लाभ घेऊ नये, हे इंग्लंडच्या समन्याय न्यायालयांचे जुने सूत्र आहे. इ.स. १७३४ मधील 'रॉबिन्सन विरुद्ध पेट' हा खटला याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. मृत्युपत्रकर्त्याने व्यवस्थापकाला त्याच्या कष्टांबद्दल १०० पौंड ठेवले होते. त्याने पद नाकारले, तरी कामात मदत केली आणि पुढे अधिक मोबदला मागितला. न्यायालयाने तो नाकारला. मोबदला हवा असेल तर तो मृत्युपत्रातच नमूद असावा, लाभार्थींनी मान्य करावा किंवा न्यायालयाने मंजूर करावा, ही भूमिका त्यातून दृढ झाली. म्हणूनच इंग्रजी मृत्युपत्रांत वकिलाला व्यवस्थापक नेमताना फी आकारण्याची मुभा देणारे कलम घालण्याची प्रथा पडली.

'ट्रस्टी ॲक्ट २०००' या कायद्याने व्यावसायिकांपुरती ही कठोरता शिथिल केली. व्यावसायिक व्यक्तीला सहव्यवस्थापकांच्या लेखी संमतीने वाजवी मोबदला घेता येतो. व्यवस्थापक झालेला भाऊ किंवा मित्र यांस मात्र मृत्युपत्रात तरतूद नसल्यास आजही केवळ खर्चाचीच भरपाई मिळते.

भारत

भारतात हा विषय प्रामुख्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ या कायद्याच्या कक्षेत येतो. त्यातील कलम ३०९ नुसार व्यवस्थापकाला किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाला महाप्रशासकासाठी ठरलेल्या दरापेक्षा अधिक दराने कमिशन घेता येत नाही किंवा स्वतःकडे ठेवता येत नाही. महाप्रशासक, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर जनरल, हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी होय. मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यास कोणी नसेल तर ते काम त्याच्याकडे येऊ शकते. कलमात १९१३ च्या महाप्रशासक अधिनियमाचा उल्लेख आहे. त्या अधिनियमाची जागा पुढे १९६३ च्या अधिनियमाने घेतली.

कलम ३०९ ची भाषा निषेधाची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 'इतके मिळेल' असे ते सांगत नाही. 'याहून अधिक मिळणार नाही' एवढेच सांगते. त्यामुळे महाप्रशासकाचा दर हा आपला हक्काचा दर आहे असे समजणे चुकीचे ठरते.

मोबदल्याचा दुसरा मार्ग म्हणजे मृत्युपत्राद्वारे व्यवस्थापकाला काही रक्कम वा वस्तू देणे. येथे कलम १४१ महत्त्वाचे ठरते. व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने काही दिले असेल, तर तिने प्रोबेट मिळवल्याशिवाय किंवा ते काम करण्याचा इरादा अन्य प्रकारे प्रकट केल्याशिवाय ते दान तिला मिळत नाही. कायद्यात दिलेले उदाहरण बोलके आहे. नेमलेली व्यक्ती मृत्युपत्रातील सूचनेनुसार अंत्यविधीची व्यवस्था करते आणि प्रोबेट घेण्यापूर्वीच काही दिवसांत स्वतः मरण पावते; तरीही तिने इरादा प्रकट केला असे मानले जाते. दान स्वीकारायचे आणि काम टाळायचे, हा मार्ग कायद्याने बंद केला आहे.

मोबदल्यावर अंकुश ठेवण्याचे साधन म्हणजे हिशोब. कलम ३१७ नुसार प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात जमाखर्च न्यायालयात सादर करावा लागतो. गैरवापराने मालमत्तेचे नुकसान झाल्यास कलम ३६८ अन्वये व्यवस्थापक ते भरून देण्यास पात्र ठरतो. निराधार दाव्याची रक्कम मालमत्तेतून चुकती करणे हेही त्यात मोडते. मराठी कुटुंबांत हे काम बहुधा मुलगा, पुतण्या किंवा कुटुंबाचा स्नेही करतो आणि त्याचे पैसे मागणे अप्रशस्त मानले जाते. मात्र मालमत्ता दोन-तीन शहरांत विखुरलेली असेल, भाडेकरू असतील, वारसांचे आपसांत पटत नसेल, तर हे काम वर्षानुवर्षे चालते. अशा वेळी मृत्युपत्रातच ठरावीक रक्कम लिहिलेली असणे सर्वांच्याच सोयीचे असते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. कॅलिफोर्नियात प्रोबेट संहितेने टप्पे ठरवले आहेत: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढील १ लाखावर ३ टक्के, पुढील ८ लाखांवर २ टक्के, त्यापुढील ९० लाखांवर १ टक्का. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या १ लाखावर ५, पुढील २ लाखांवर ४ आणि पुढील ७ लाखांवर ३ टक्के असा क्रम आहे. त्यानुसार १० लाख डॉलरच्या मालमत्तेवर कॅलिफोर्नियात २३ हजार, तर न्यूयॉर्कमध्ये ३४ हजार डॉलर होतात.

तथापि, टक्क्यांपेक्षा ते कशावर मोजले जातात हा प्रश्न अधिक निर्णायक आहे. कॅलिफोर्नियात कर्ज वजा न करता मालमत्तेचे पूर्ण मूल्य धरले जाते. समजा, मृताची एकमेव मालमत्ता ९ लाख डॉलरचे घर आहे आणि त्यावर ७ लाखांचे गृहकर्ज बाकी आहे. वारसांच्या हाती प्रत्यक्षात २ लाखच यायचे आहेत. पण मोबदला ९ लाखांवर मोजला जाऊन २१ हजार डॉलर होतो. मालमत्तेच्या वकिलालाही त्याच कोष्टकाने तेवढीच रक्कम मिळू शकते. दोन्ही मिळून ४२ हजार, म्हणजे वारसांच्या खऱ्या हिश्श्याच्या २१ टक्के. असाधारण कामासाठी न्यायालय याहून अधिक रक्कम मंजूर करू शकते. हयातीतच मालमत्ता ट्रस्टकडे सोपवण्याची पद्धत त्या राज्यात रुळण्यामागे हे एक ठळक कारण आहे, कारण अशी मालमत्ता प्रोबेटच्या कक्षेत येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये विशिष्ट व्यक्तीला नाव घेऊन दिलेली वस्तू, उदाहरणार्थ एखादा दागिना, टक्केवारीच्या हिशोबात धरत नाहीत. टेक्सासमध्ये रोखीने आलेल्या व गेलेल्या रकमांवर ५ टक्के हे प्रमाण आहे. मृत्यूसमयी बँकेत असलेली शिल्लक त्यातून वगळली जाते.

व्यवस्थापक स्वतःच वारस असल्यास अमेरिकेत करांचा विचार करावा लागतो. मोबदला हे करपात्र उत्पन्न असते. वारसाहक्काने मिळालेली रक्कम मात्र संघीय प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्न नसते. म्हणून एकुलता एक वारस व्यवस्थापक झाल्यास तो बहुधा मोबदला सोडून देतो. वारस अनेक असतील आणि काम एकट्यानेच केले असेल, तर मोबदला घेऊन त्यावर कर भरणेही त्याला फायद्याचे ठरू शकते.