शिंजीर दारी यावा म्हणून...

‘आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो,’ असं पुष्कळ जणी कौतुकानं सांगतात. पण मैत्रिणींनो, हमिंगबर्ड राहतो तो फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत. आपल्या दारी येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. जेमतेम १० सेंटिमीटरचा जीव, बाकदार चोच, आणि विणीच्या दिवसांत जांभळ्या शिंजिराच्या नराच्या अंगावर अशी निळी-जांभळी झळाळी की पैठणीनंही लाजावं! मादी साधीच, वरून मातकट हिरवी, पोटाशी पिवळी.

थंड देशातल्या बायका झाड घेताना ‘हे बर्फात तगेल का?’ असं विचारतात म्हणे. आपला प्रश्न वेगळा. हे झाड वैशाखात, चार दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यावर तगेल का? डिसेंबरात हौसेनं आणलेली नर्सरीतली नाजूक रोपं मार्च संपता संपता माना टाकतात. आणि नेमकं तेव्हाच शिंजिराचं घरटं बांधणं, पिल्लं वाढवणं चालू असतं. ऐन बाळंतपणात तिच्या घरातला डबा रिकामा!

म्हणून झाडं निवडायची ती चिवट. पहिली आपली जास्वंद. लाल, एकेरी पाकळ्यांची घ्या. दुहेरी गेंददार फुलं दिसायला छान, पण त्यातून मध काढणं पक्ष्याला जड जातं. शिंजीर कधी कधी फुलाच्या देठाशी चोचीनं भोक पाडून मध पळवतो, तेव्हा फुलाला भोक दिसलं तर कीड समजू नका. दुसरं हॅमेलिया. नारिंगी, नळीसारख्या फुलांचं हे झुडूप मूळचं अमेरिकेकडचंच. तिथे त्यावर हमिंगबर्ड येतात, इथे शिंजीर! एकदा मूळ धरलं की उन्हाला दाद देत नाही. तिसरा अडुळसा. खोकल्याच्या काढ्यासाठी तो घरात हवाच, शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, कुंपणाला उत्तम. थंडीच्या सुमारास तो फुलतो. जागा असेल तर डाळिंब, शेवगा आणि परसात केळ लावा. शेवग्याच्या फुलांवर आणि केळफुलावरही शिंजीर हमखास येतो. शिवाय हमिंगबर्डासारखा तो हवेत फार वेळ तरंगत नाही, बहुधा डहाळीवर टेकूनच मध पितो. तेव्हा झाड छाटून अगदी गुळगुळीत चेंडू करू नका.

पाण्याची काळजी? भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी झाडाला घाला, साबणाचं नको. बुंध्याशी वाळक्या पालापाचोळ्याचा जाड थर द्या, ओल टिकते.

आता घरट्याविषयी. डहाळीला, कधी व्हरांड्यातल्या वायरीला लोंबणारी कचऱ्याची जुडी दिसली, तर झाडू उचलण्याआधी नीट बघा. गवत, सालींचे तुकडे आणि कोळ्याची जाळी यांनी विणलेली ती पिशवी असते, दाराशी छोटीशी पडवीसुद्धा! जांभळ्या शिंजिरात हे बांधकाम सारं मादीचंच, अंडीही तीच उबवते. पिल्लांना भरवायला मात्र नवरोबा येतात, तेवढं श्रेय देऊ या. घराबाहेरची दोन-चार जाळी राहू द्या. तिचा तो दोराच आहे.

पिल्लांना नुसता मध पुरत नाही. त्यांना कोळी, अळ्या, बारीक किडे लागतात. आपण जास्वंदीवर पांढरी कीड दिसताच विषारी फवारा मारतो, तेव्हा त्यांचं अन्न मारतो. त्यापेक्षा पाण्याची जोरदार धार सोडा, ओल्या फडक्यानं पुसा, फारच लागण झालेली फांदी छाटून टाका.

बचत गटाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते. जिथे पूर्वी सारवलेलं अंगण आणि कडेला जास्वंद असायची, तिथे आता भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. चिखल नको, झाडायला सोपं, सगळं पटतं मला. दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘अंगण सारव’ कोण सांगणार? पण फरशी घालताना कडेची दोन फूट माती तेवढी मोकळी ठेवायला गवंड्याला सांगा. दोन झाडं तिथे सहज मावतात. तेवढीही जागा नसेल तर मोठ्या कुंडीत जास्वंद मजेत वाढते.

आणि हो, यासाठी पैसे लागत नाहीत. जास्वंद, हॅमेलिया, अडुळसा तिन्ही फांदीपासून येतात. पावसाळा लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर फांद्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावा. तळाला भोकं पाडायला विसरू नका. सगळ्याच जगत नाहीत, म्हणून थोड्या जास्तच लावा. संक्रांतीपर्यंत रोपं बाळसं धरतील. यंदाच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डबीऐवजी हेच वाण लुटलं तर? एका गल्लीत दहा घरी जास्वंद फुलली, की शिंजिराला पुढचं घर शोधत लांब जावं लागणार नाही.