नेटवर्क कार्डांतील गाळणी व ड्रायव्हरचें कर्तव्य

संगणक हा आतां शाळेंत, कचेरींत व घरोघरीं नित्याच्या वापरांतला झाला आहे. परंतु एका बारीक तारेंतून आलेली माहिती नेमकी आपल्याच संगणकांत कशी शिरते, आणि नको असलेली बाहेरच्या बाहेर कशी राहते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. या विषयाचा एक लहानसा भाग विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावा, असा आमचा हेतु आहे. विषय थोडा तांत्रिक आहे खरा; पण ज्यास भागाकार येतो त्या मुलास तो कळण्यास हरकत नाहीं.

प्रथम इथरनेटची पद्धति पाहूं. ही १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रांत रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनीं योजिली. तींत माहिती लहान लहान पुडक्यांनीं पाठवितात. अशा पुडक्यास ‘फ्रेम’ म्हणतात. प्रत्येक पुडक्यावर तें कोणाकडे जावयाचें त्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो. संगणकांतील नेटवर्क कार्ड हा पत्ता वाचतें. तो आपला असेल तर पुडकें आंत घेतें, नसेल तर टाकून देतें. मात्र कांहीं पुडकीं गांवांतील दवंडीप्रमाणें सर्वांसाठींच असतात. त्यांच्या पत्त्यांतील सर्व ४८ बिट १ असतात, आणि तीं प्रत्येक कार्डास ऐकावींच लागतात.

आतां असें समजा कीं, एका शाळेंत कचेरी, संगणकवर्ग व ग्रंथालय अशीं तीन खातीं आहेत. परीक्षेचे गुण व फीचे हिशेब यांची वाहतूक मुलांच्या संगणकांपर्यंत पोहोंचूं नये हें उघड आहे. पण तीन खात्यांसाठीं तीन निराळीं जाळीं घालावीं तर खर्च तिप्पट होतो. यावर उपाय म्हणून एकाच जाळ्याचे मनानें अनेक भाग पाडतात. अशा भागास ‘व्हीलॅन’ म्हणतात. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेनें १९९८ सालीं ‘८०२.१ क्यू’ या नांवानें त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्या नियमांप्रमाणें पुडक्यावर ४ बाइटांची एक चिठ्ठी लावितात. पहिल्या २ बाइटांत ‘ही व्हीलॅनची चिठ्ठी आहे’ अशी ठराविक खूण असते. उरलेल्या १६ बिटांपैकीं ३ निकडीचा दर्जा सांगतात, १ बिट गर्दीच्या वेळीं पुडकें टाकून देण्यास हरकत आहे कीं नाहीं हें सांगतो, व १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. बारा बिटांत ४०९६ क्रमांक मावतात. पैकीं ० व ४०९५ हे राखून ठेवलेले असल्यानें वापरावयास ४०९४ उरतात.

एका खात्यांतील संगणकास बहुधा चिठ्ठी काढून घेतलेलीं पुडकींच मिळतात. परंतु जो संगणक अनेक खात्यांची सेवा करितो, त्याच्या एकाच तारेंतून अनेक क्रमांकांचीं पुडकीं येतात. समजा, तारेंत पन्नास व्हीलॅन आहेत आणि आपल्या संगणकाचा संबंध फक्त दोहोंशीं आहे. तर बाकीच्या अठ्ठेचाळीसांच्या दवंड्याही दाराशीं येणारच. पत्ता ‘सर्वांस’ असा असल्यानें पहिली गाळणी त्यांस अडवीत नाहीं. मग प्रत्येक पुडकें स्मृतींत आणावें, कार्यप्रणालीनें हातांतील काम सोडून तें पाहावें, ‘हा क्रमांक आपला नव्हे’ असें ठरवावें आणि फेंकून द्यावें, असा व्यर्थ खटाटोप होतो. सेकंदाला एक अब्ज बिट वाहणाऱ्या तारेंतून लहानांत लहान पुडकीं सेकंदास सुमारें १४ लक्ष ८८ हजारपर्यंत येऊं शकतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या खटाटोपाची किंमत कळेल.

म्हणून पुष्कळ कार्डांतच क्रमांकांची दुसरी गाळणी बसविलेली असते. इंटेल कंपनीच्या ८२५४ एक्स या जातीच्या कार्डांतील रचना फार सुबोध आहे. तींत १२८ ओळींचा एक तक्ता असून प्रत्येक ओळींत ३२ घरें आहेत. १२८ गुणिले ३२ म्हणजे बरोबर ४०९६, प्रत्येक क्रमांकास एक घर. घरांत १ असेल तर पुडकें आंत यावें, ० असेल तर दारांतूनच परत जावें. क्रमांकास ३२ नीं भागिलें कीं भागाकार ओळ सांगतो व बाकी घर सांगते. उदाहरणार्थ, १०० ला ३२ नीं भागिल्यास भागाकार ३ व बाकी ४ येते. म्हणून शून्यापासून मोजतां ३ ऱ्या ओळींतील ४ थें घर तें १०० क्रमांकाचें. विद्यार्थ्यांनीं ४५ क्रमांकाचें घर स्वतः काढून पाहावें.

आतां हा तक्ता भरावयाचा कोणी? तो भार ड्रायव्हर या कार्यक्रमावर असतो. कार्यप्रणाली व कार्ड यांमधील हा दुभाषी होय. लिनक्स या कार्यप्रणालींत ड्रायव्हर आरंभींच जाहीर करितो कीं, ‘माझ्या कार्डास व्हीलॅनची गाळणी आहे.’ एकदां असें म्हटलें कीं, नवा व्हीलॅन जोडतांना कार्यप्रणाली त्यास ‘हा क्रमांक लिहून घे’ असें सांगते, व काढतांना ‘हा पुसून टाक’ असें सांगते. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालींतही अशीच वर्दी ड्रायव्हरपर्यंत पोहोंचते. जो ड्रायव्हर अशी घोषणा करीत नाहीं त्याचें कांहीं बिघडत नाहीं. तेथें गाळण्याचें काम कार्यप्रणाली स्वतः करिते, काय तो श्रम अधिक पडतो. पण जो घोषणा करून कर्तव्यास चुकतो, त्याच्यामुळें मात्र मोठा घोटाळा होतो. कारण कार्डानें दारांत परतविलेल्या पुडक्याची वार्ताही आंतल्यांस लागत नाहीं.

हीं कर्तव्यें मुख्यतः चार आहेत. पहिलें, कार्ड पुन्हां आरंभापासून सुरू केलें असतां त्यांतील तक्ता कोरा होतो; म्हणून ड्रायव्हरनें त्याची एक प्रत आपल्याजवळ बाळगावी व ती लागलीच पुन्हां लिहावी. दुसरें, शून्य क्रमांकाची चिठ्ठी कोणत्याही व्हीलॅनची नसून केवळ निकडीचा दर्जा सांगते. तीं पुडकीं वाया जाऊं नयेत म्हणून लिनक्स कार्ड सुरू होतांच ० हा क्रमांकही तक्त्यांत घालण्यास सांगते. तिसरें, कांहीं कार्डांत थोड्याच क्रमांकांपुरती जागा असते. ती भरली कीं नव्या क्रमांकास मुकाट्यानें नाकारूं नये, तर गाळणी उघडी ठेवून निवड कार्यप्रणालीवर सोंपवावी. चौथें, तपासणीसाठीं तारेंतील सर्व कांहीं पाहावयाचें असतां गाळणी बंद करावी, आणि तपासणी संपतांच ती पुन्हां लावावी.

या चौथ्या नियमांतून एक चमत्कारिक प्रसंग उद्भवतो. समजा, पहिलें कर्तव्य चुकलें, तक्ता कोरा राहिला व एका खात्याचा संपर्क तुटला. व्यवस्थापक टीसीपीडम्प नांवाचें तपासणीचें साधन चालवितो. त्याबरोबर गाळणी उघडते आणि सर्व कांहीं सुरळीत चालूं लागतें! साधन बंद केलें कीं पुन्हां शुकशुकाट. पाहिलें म्हणजे दोष नाहींसा व्हावा आणि पाठ फिरतांच परत यावा, असा हा प्रकार अनुभवी माणसासही बुचकळ्यांत पाडतो. पण ज्यास तक्त्याची रचना ठाऊक आहे, त्यास ‘पाहतांना चालतें’ हीच खूण दोषाच्या जागीं नेऊन पोंचविते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें असे कार्यक्रम लिहितील. त्यांनीं एवढें मनांत बाळगावें कीं, दारावर यादी धरून उभें राहणाऱ्याच्या हातीं आंतल्या सर्वांचा व्यवहार असतो. यादी संभाळण्याची शक्ति नसेल तर तसें स्पष्ट सांगणें हें लाजिरवाणें नव्हे. पण ‘मी संभाळतों’ असें एकदां म्हटल्यावर ती अखेरपर्यंत अचूक ठेवणें अगत्याचें आहे.